टॅब्लेट वापरताना बसायचं कसं, तो ठेवायचा कुठे आणि धरायचा कसा

पडदा आणि कळा एकाच काचेवर असणं ही टॅब्लेटची मोठी सोय आहे, आणि शरीराच्या तक्रारीही तिथूनच सुरू होतात. मानेला हवं असतं की पडदा उंच आणि उभा असावा. हातांना हवं असतं की तीच काच खाली आणि जवळपास आडवी असावी. डेस्कटॉपवर हा तंटा नसतो, कारण मॉनिटर आणि कीबोर्ड वेगवेगळे हलवता येतात. लॅपटॉपला निदान बिजागरी असते. टॅब्लेटला तीही नाही, त्यामुळे मानेची सोय पाहिली की हातांची गैरसोय होते आणि हातांची पाहिली की मानेची.

म्हणून 'टॅब्लेटसाठी योग्य स्थिती कोणती?' या प्रश्नाला एक उत्तर नाही. आधी काम कोणतं ते ठरवायचं आणि मग त्या कामापुरती मांडणी करायची. दोन मिनिटांत संपणाऱ्या कामासाठी इतकं काही करावं लागत नाही. पण अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ बसणार असाल, तर खाली दिलेली मांडणी करायला लागणारी दोन-तीन मिनिटं आधी द्या. मान आखडल्यावर ती सैल करायला याहून कितीतरी जास्त वेळ जातो.

मान वाकते तेव्हा काय होतं

प्रौढ माणसाच्या डोक्याचं वजन साधारण ४.५ ते ५.५ किलो असतं. मान सरळ असते तेव्हा हा भार मणक्यांवरून सरळ खाली उतरतो आणि स्नायूंना फक्त तोल सांभाळावा लागतो. मान पुढे झुकली की डोकं आधाराच्या पुढे जातं आणि ते तोलून धरण्याचं काम मानेच्या मागच्या स्नायूंवर येऊन पडतं. मणक्याचे अमेरिकन शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये संगणकीय प्रतिकृतीवरून याचा हिशेब मांडला. मान १५ अंश झुकली तर मानेच्या मणक्यावर सुमारे १२ किलो भार येतो, ३० अंशांना १८, ४५ अंशांना २२ आणि ६० अंशांना २७ किलो. हे आकडे गणिताने काढलेले आहेत, प्रत्यक्ष माणसांवर मोजलेले नाहीत. त्यामुळे नेमक्या किलोंवर अडून बसू नका. झुकाव थोडा वाढला तरी भार बराच वाढतो, एवढं त्यातून घ्या.

मांडीवर सपाट ठेवलेला टॅब्लेट वाचताना मान अगदी सहज ४५ अंशांच्या पुढे जाते. हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये टॅब्लेट ठेवण्याच्या चार पद्धती तपासल्या होत्या: मांडीवर हातात धरून, मांडीवर कव्हरच्या आधाराने, टेबलावर कमी कोनात आणि टेबलावर जास्त उभ्या कोनात. यांपैकी फक्त शेवटच्या पद्धतीत मान नैसर्गिक स्थितीच्या जवळ आली. नवशिक्याने एकच सवय लावून घ्यायची असेल तर ती हीच असावी: टॅब्लेट मांडीवरून टेबलावर आणा आणि उभा करा.

यात एक दिलासाही आहे. मान अजिबात वाकता कामा नये, असं नाही. डोळे स्वतःच खाली वळू शकतात. पडद्याचा मध्य नजरेच्या आडव्या रेषेपेक्षा १५ ते २० अंश खाली असला तर मान सरळ ठेवूनही आरामात दिसतो. त्याहून खाली गेला की डोळ्यांबरोबर डोकंही खाली जायला लागतं.

पायरी १: काम कोणतं आहे ते ठरवा

टॅब्लेटची कामं चार गटांत मोडतात. पहिलं पाहण्याचं: व्हिडिओ, ऑनलाइन तास, व्हिडिओ कॉल. यात हात फारसे लागत नाहीत, म्हणून सगळी मांडणी मानेच्या सोयीने करा. दुसरं वाचण्याचं. यात अधूनमधून पान सरकवावं लागतं, तरीही प्राधान्य मानेलाच. तिसरं लिहिण्याचं, म्हणजे ईमेल, टिपणं, अर्ज. इथे मान आणि हात दोघेही सतत कामात असतात, म्हणून यासाठी वेगळा कीबोर्ड लागतो. चौथं पेनने चित्र काढणं किंवा हाताने लिहिणं. इथे हातांचं ऐकावंच लागतं, आणि मानेची भरपाई वारंवार थांबून करावी लागते.

पायरी २: आधी स्वतःची बैठक लावा, टॅब्लेट नंतर

बरेच जण स्टँड विकत घेतात आणि त्याच जुन्या बैठकीत, पोक काढून, त्याच्यासमोर बसतात. खालचा क्रम उलटा करू नका.

खुर्चीत पार मागे सरका, म्हणजे कंबर खुर्चीच्या पाठीला टेकेल. खुर्चीची पाठ अगदी काटकोनात नसावी. किंचित मागे कललेली, १०० ते ११० अंशांची असेल तर कंबरेवरचा ताण कमी होतो. कंबरेच्या खळगीत आधार नसेल तर टॉवेलची गुंडाळी करून लावा, मनगटाएवढी जाड पुरते. जाड उशी लावू नका, ती पाठीला पुढे ढकलते.

पाय पूर्ण जमिनीवर टेकले पाहिजेत. लोंबकळत राहिले तर खुर्चीची कड मांडीखाली रुतते आणि माणूस नकळत पुढे सरकतो. पुढे सरकला की पाठीचा आधार सुटतो आणि पोक येतं. पाय पोचत नसतील तर खाली पाट किंवा खोका ठेवा.

आता खांदे सैल सोडा आणि कोपर अंगालगत ठेवून काटकोनात वाका. टेबलाचा पृष्ठभाग कोपराच्या उंचीला किंवा दोन-तीन सेंटिमीटर खाली असावा. टेबल उंच असेल तर खांदे कानांकडे चढतात आणि तासाभरात मान व खांद्यामधला भाग भरून येतो. अशा वेळी खुर्ची उंच करा आणि पायाखाली आधार द्या. टेबल कापून बुटकं करता येत नाही, पण माणूस वर उचलता येतो.

पायरी ३: अंतर आणि अक्षर

स्टँडवर ठेवलेला टॅब्लेट डोळ्यांपासून ४० ते ६० सेंटिमीटरवर असावा. हातात धरलेला असेल तर ३५ ते ४५. ३० सेंटिमीटरच्या आत आणणं टाळा. मोजपट्टी लागत नाही: मूठ वळून हनुवटीला टेकवा, कोपर जिथे येतं ते अंतर मोठ्या माणसात साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर भरतं. याहून जवळ टॅब्लेट येऊ द्यायचा नाही.

माणूस पडद्याकडे झुकतो त्याचं एक फार साधं कारण असतं: अक्षर बारीक असतं. आपण झुकलोय हे त्याला कळतही नाही. म्हणून बैठक सुधारण्याआधी अक्षर मोठं करा. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, मग डिस्प्ले, मग फाँट साइज. आयपॅडवर सेटिंग्ज, मग डिस्प्ले अँड ब्राइटनेस, मग टेक्स्ट साइज. त्याहूनही मोठं हवं असेल तर अॅक्सेसिबिलिटीमध्ये वेगळी सोय आहे. किती मोठं हे ठरवायला एक कसोटी लावता येते. नेहमीच्या अंतराच्या तिप्पट लांब उभे राहा, म्हणजे ५० सेंटिमीटरवरून वाचत असाल तर दीड मीटरवर. तिथून अक्षर जेमतेम ओळखता आलं तर नेहमीच्या अंतरावरून ते डोळ्यांना सुखाचं आहे. मुळीच ओळखता आलं नाही तर आणखी वाढवा.

फेस आयडी (चेहरा ओळखून टॅब्लेट उघडण्याची सोय) असलेल्या आयपॅडवर २०२३ च्या आयपॅडओएस १७ या प्रणालीपासून 'स्क्रीन डिस्टन्स' नावाची सोय आहे. पडदा बराच वेळ साधारण ३० सेंटिमीटरच्या आत राहिला तर ती इशारा देते. सेटिंग्जमधल्या स्क्रीन टाइममध्ये ती सुरू करता येते. लहान मुलांसाठी ती नक्की वापरा.

पायरी ४: कोन

इथे थोडं थांबून नीट करा, कारण बिघाड बहुतेक वेळा इथेच होतो. पाहण्यासाठी आणि वाचण्यासाठी टॅब्लेट टेबलापासून ६० ते ७५ अंश उभा असावा. काचेवर टाइप करायचं असेल किंवा बराच वेळ बोटांनी काम करायचं असेल तर १५ ते ३० अंश. चित्र काढायला २० ते ३० अंश, ज्याला जसं जमेल तसं.

अंश मोजायला साधन लागत नाही. टॅब्लेटची जी बाजू वर जाते तिची लांबी मोजा. मागची कड त्या लांबीच्या निम्म्याने उचलली की ३० अंश होतात. पाव लांबीने उचलली की जवळजवळ १५. समजा टॅब्लेट आडवा धरला आहे आणि ती बाजू १८ सेंटिमीटर आहे, तर मागची कड ९ सेंटिमीटर वर गेली की ३० अंश झाले. उभ्या कोनासाठी चौरस कागद कर्णावर दुमडा, टोकाशी ४५ अंश मिळतात. टॅब्लेट त्याहून स्पष्टपणे जास्त उभा दिसला पाहिजे.

घडीच्या कव्हरला बहुतेक वेळा दोनच कोन मिळतात: एक बुटका लिहिण्यासाठी, एक उभा पाहण्यासाठी. चूक होते ती अशी की लिहून झालं की त्याच बुटक्या कोनात व्हिडिओ पाहिला जातो. घडी बदलायला पाच सेकंद लागतात, ती बदला.

उभ्या ठेवलेल्या पडद्यावर सतत बोट चालवणं मात्र टाळा. हात अधांतरी उचलून धरावा लागतो आणि काही मिनिटांतच दंड आणि खांद्याला रग लागते. स्पर्शपडदे भिंतीसारखे उभे बसवले की हा त्रास होतो, हे ते बनवणाऱ्यांना टॅब्लेट येण्याच्या फार आधीपासून ठाऊक आहे. त्यामुळे मोजके स्पर्श उभ्या कोनात, खूप स्पर्श बुटक्या कोनात.

पायरी ५: उंची

कोन बरोबर असला तरी टेबलावर ठेवलेला टॅब्लेट बहुतेकांना खालीच पडतो. बसलेल्या माणसाचे डोळे टेबलापासून साधारण ४० ते ५० सेंटिमीटर वर असतात आणि दहा-अकरा इंची टॅब्लेट उभा ठेवला तरी त्याची वरची कड २५ सेंटिमीटरच्या आसपास येते. म्हणजे पाहण्याच्या कामासाठी स्टँडखाली आणखी १५ ते २० सेंटिमीटर उंची द्यावी लागते. जाड पुस्तकांची चळत किंवा मजबूत खोका चालतो. वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली आली की पुरे. त्याहून वर नेऊ नका: हनुवटी वर करून पाहिल्यानेही मान दुखते, आणि डोळे जास्त उघडे राहिल्याने लवकर कोरडे पडतात.

ज्यांच्या चष्म्यात जवळचं वाचायची काच खालच्या भागात आहे, म्हणजे बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा, त्यांनी वरचा सल्ला जसाच्या तसा पाळू नये. पडदा डोळ्यांसमोर आला की खालच्या काचेतून पाहण्यासाठी ते डोकं मागे टाकतात आणि उलटाच त्रास होतो. त्यांनी टॅब्लेट पाच ते दहा सेंटिमीटर खाली आणि थोडा मागे कललेला ठेवावा. रोजचं काम दोन-तीन तासांचं असेल तर पडद्याच्या अंतरासाठी वेगळा एकाच नंबरचा चष्मा करून घेणं उत्तम. डोळे तपासायला जाताना आपण किती सेंटिमीटरवरून पाहतो हे मोजून जा. तपासणाऱ्याला नेमका हाच आकडा हवा असतो.

स्टँड निवडताना तो दिसतो कसा याआधी तो डळमळतो का, हे पाहा. टॅब्लेट बसवून पडद्याच्या वरच्या कोपऱ्यावर बोटाने टकटक करा. मागे झुकला किंवा थरथरला तर तो फक्त पाहण्याच्या कामाचा. डळमळत्या पडद्याला हात लावताना माणूस नकळत हात आवरून धरतो आणि खांदा ताठ होतो. लवचीक लांब मानेचे स्टँड याच कारणाने टाइप करायला निरुपयोगी असतात.

पायरी ६: लिहायचं असेल तर कीबोर्ड वेगळा करा

साध्या कीबोर्डवर बोटं कळांवर टेकवून विसावता येतात. काचेवर तसं होत नाही, कारण बोट टेकलं की अक्षर उमटतं. म्हणून टाइप करताना दहाही बोटं सतत उचलून धरावी लागतात, मनगट वर मुडपतं आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा वरचा भाग दुखू लागतो. दुसरी गोष्ट अशी की कळ दाबल्याची जाणीव बोटाला होत नाही, म्हणून बरेच जण जोर लावून टाइप करतात. या पडद्याला जोर लागतच नाही. त्याला बोटाचा विद्युत-स्पर्श कळतो, दाब नाही. बोट नुसतं टेकवायचं.

दोन-चार ओळींपुरतं काचेवर लिहायला हरकत नाही. पंधरा मिनिटांहून जास्त लिहायचं असेल तर ब्लूटूथ कीबोर्ड जोडा. कीबोर्ड टेबलाच्या कडेपासून पाच-दहा सेंटिमीटर आत ठेवा, म्हणजे मनगटाचा तळ कडेवर रुतणार नाही. कीबोर्डखालचे मागचे छोटे पाय उघडू नका. त्यांनी मनगट आणखी वर मुडपतं. टॅब्लेट स्टँडवर, कीबोर्डच्या मागे आणि वर. टॅब्लेटला चिकटून येणारे कव्हर-कीबोर्ड प्रवासात बरे, पण त्यांत पडदा पुन्हा खाली येतो. घरी किंवा कार्यालयात सुटा कीबोर्डच घ्या. बोटांच्या रुंदीला पुरेल एवढा मोठा घ्या; फार छोट्या कीबोर्डवर दोन्ही मनगटं करंगळीच्या बाजूला वळतात.

कीबोर्ड नसेल तर बोलून लिहा. गूगलच्या जीबोर्ड या कीबोर्ड अॅपमध्ये मराठी बोललेलं ऐकून लिहिण्याची सोय आहे. पहिला मसुदा बोलून उतरवायचा आणि चुका तेवढ्या हाताने दुरुस्त करायच्या, असं केलं तर बोटांचं बरंच काम वाचतं.

हातात धरताना

दहा-अकरा इंची टॅब्लेटचं वजन साधारण ४५० ते ५५० ग्रॅम असतं. मोठ्या पडद्याचे सहाशे-सातशे ग्रॅमपर्यंत जातात. दणकट कव्हर चढवलं की किलोच्या घरात. एवढं वजन काही फार नाही, पण ते एका कडेला चिमटीत धरलं की टॅब्लेटचा मध्य हातापासून नऊ-दहा सेंटिमीटर लांब राहतो आणि त्याचा सगळा पीळ अंगठा आणि मनगटावर येतो. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दुखणं हा त्याचाच परिणाम. त्या जागेच्या स्नायूबंधांच्या सुजेचं वर्णन स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द केर्व्हां यांनी १८९५ मध्ये केलं होतं. विकार जुनाच आहे, टॅब्लेटने त्याला नवं निमित्त दिलं.

चिमटीऐवजी तळवा वापरा. टॅब्लेट उभा धरा, खालची कड पोटावर किंवा मांडीवरच्या उशीवर टेकवा आणि तळहात मागून मधोमध आणा, बोटं पसरून. वजन उशीने घ्यावं, हाताने फक्त पडू न देण्याचं काम करावं. मागे पट्टा किंवा अंगठी असलेलं कव्हर मिळतं. उभ्याने वापर असेल तर ते उपयोगी पडतं, कारण बोटं आवळून धरायची गरज राहत नाही. पाच-सात मिनिटांनी हात बदला.

दोन्ही हातांनी आडवा धरून अंगठ्यांनी टाइप करणं मोठ्या टॅब्लेटवर करू नये. अंगठा पडद्याच्या मध्यापर्यंत पोचत नाही आणि तो ताणून ताणून दुखतो. कीबोर्ड दुभागून दोन कडांना नेण्याची सोय काही टॅब्लेटवर आणि काही कीबोर्ड अॅपमध्ये असते, ती असेल तर वापरा. नसेल तर टॅब्लेट टेकवून ठेवा.

सोफा आणि पलंग

टेबलावर बसायला सांगून भागत नाही, हे खरं आहे. संध्याकाळी माणूस सोफ्यावरच बसतो. तर सोफ्यावर असं करा: पार मागे सरका, कंबरेशी छोटी उशी घ्या. मांडीवर १५ ते २० सेंटिमीटर उंचीची घट्ट उशी ठेवा, तिच्यावर टॅब्लेट कव्हरच्या उभ्या कोनात. दोन्ही कोपरांखाली उशा किंवा सोफ्याचे हात. कोपरांना आधार मिळाला की मानेचाही बराच भार उतरतो, कारण हातांचं वजन शेवटी मानेला आणि खांद्यालाच टांगलेलं असतं. मऊ उशी घेऊ नका, ती दबते आणि टॅब्लेट पुन्हा खाली जातो.

पलंगावर अर्धवट बसून पाहायचं असेल तर उशा कंबरेपासून डोक्यापर्यंत चढत्या रचा. नुसत्या डोक्याखाली दोन उशा घेतल्या तर हनुवटी छातीला लागते, आणि ही स्थिती उभ्याने मान मोडून बघण्याइतकीच वाईट. गुडघ्यांखाली एक उशी द्या आणि टॅब्लेट मांड्यांच्या चढावर टेकवा.

कुशीवर झोपून पाहायचं असेल तर टॅब्लेट हातात न धरता पलंगाशेजारी लवचीक स्टँडवर आडवा लावा आणि पडदा फिरू नये म्हणून फिरण्याचं कुलूप चालू ठेवा. डोक्याखालची उशी खांद्याइतकी जाड हवी. पालथं पडून कोपरांवर रेलणं पूर्ण सोडा: मान मागे मोडते, कंबर आत जाते आणि कोपरांवरच्या दाबाने करंगळीला मुंग्या येतात. उताणं पडून टॅब्लेट तोंडावर धरणंही नको. हात भरून येतात आणि तो निसटला तर थेट नाकावर पडतो.

पेनने काम करताना

बारीक, गुळगुळीत पेन काचेवर घसरतं, म्हणून बोटं ते आवळून धरतात. पेनावर रबराची जाड नळी चढवली की पकड आपोआप सैल होते. पडद्यावर खरखरीत फिल्म लावली तर पेनाला अटकाव मिळतो आणि हात कमी आवळला जातो; मोबदल्यात पेनाचं टोक लवकर झिजतं आणि चित्र किंचित धूसर दिसतं. जास्त वेळ चित्र काढणाऱ्यांनी हा सौदा करावा असं आमचं मत आहे. रेषा मनगटाने न ओढता कोपराने आणि खांद्याने ओढा, आणि कागद फिरवतो तसा पडद्यावरचा कॅनव्हास फिरवा. हात तळव्याने काचेवर टेकवता यावा यासाठी तळव्याचा स्पर्श दुर्लक्षित करण्याची सोय अॅपमध्ये सुरू आहे ना, हे पाहा. ती बंद असेल तर तासभर हात अधांतरी राहतो.

उजेड

टॅब्लेटची काच चकचकीत असते. खिडकी किंवा दिवा तिच्यात दिसू लागला की माणूस ते प्रतिबिंब चुकवायला मान तिरकी करतो आणि तशीच ठेवतो. पडदा बंद करून त्यात काय दिसतं ते पाहा. दिवा दिसला तर टॅब्लेट किंवा खुर्ची फिरवा. खिडकी बाजूला असावी, समोर किंवा पाठीमागे नको. पडद्याची प्रखरता (ब्राइटनेस) खोलीच्या उजेडाइतकी ठेवा. काळोखात पूर्ण उजळ पडदा डोळ्यांना थकवतो.

पडद्याकडे एकटक बघताना पापण्या लवण्याचं प्रमाण बरंच कमी होतं, अनेकांत निम्म्यावर येतं. दर २० मिनिटांनी २० सेकंद साधारण सहा मीटर दूरच्या वस्तूकडे बघा आणि त्या वेळात मुद्दाम पापण्या पूर्ण मिटा, उघडा.

थांबणं आणि हालचाल

उत्तम मांडणीतही स्थिर बसलेला स्नायू थकतो, कारण सतत आवळलेल्या स्नायूत रक्त कमी फिरतं. २० ते ३० मिनिटांनी उठा. मिनिटभर चालणं पुरतं. गजर लावा, कामात गुंतल्यावर आठवण राहत नाही.

उठल्यावर तीन गोष्टी करा. हनुवटी खाली किंवा वर न करता सरळ मागे घ्या, पाच सेकंद धरा, पाच ते आठ वेळा. खांद्याच्या पाती मागे एकमेकींजवळ आणा, पाच सेकंद, आठ-दहा वेळा. एक हात पुढे सरळ करून दुसऱ्या हाताने त्याची बोटं हलकेच मागे ओढा, १५ ते २० सेकंद, मग उलट दिशेला. ताण जाणवावा, दुखू नये. मान गरगर फिरवू नका आणि कडकड वाजवू नका.

आपली बैठक कशी आहे हे आपल्याला आतून कळत नाही. फोन अंगाच्या एका बाजूला उभा ठेवून अर्ध्या तासाचा व्हिडिओ काढा आणि शेवटची पाच मिनिटं पाहा. सुरुवातीची पाच पाहू नका, तेव्हा सगळेच ताठ बसतात. कान खांद्याच्या वर आहे की पुढे, कंबर टेकलेली आहे की सुटली आहे, एवढंच बघायचं.

लहान मुलांसाठी

मोठ्यांची खुर्ची आणि टेबल मुलांना नेहमीच मोठं पडतं. टेबल त्यांच्या छातीपर्यंत येतं, खांदे वर चढतात, पाय लोंबकळतात. बुडाखाली घट्ट उशी, पाठीमागे उशी आणि पायाखाली खोका, एवढ्याने बहुतेक वेळा भागतं. मूठ हनुवटीला आणि कोपराचं अंतर ही कसोटी मुलालाही लागू होते, फक्त त्याच्या स्वतःच्या हाताने मोजायची. मुलाच्या हातात टॅब्लेट धरायला देऊ नका, स्टँडवर द्या. 'सरळ बस' असं सांगून फार तर दोन मिनिटं फरक पडतो. मांडणी बदलली तर तो टिकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षाखालच्या बाळांना पडदा दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसात एका तासाहून जास्त वेळ बसून पडदा पाहू नये.

कोणती लक्षणं अंगावर काढू नयेत

मांडणी बदलल्यावर साधं आखडणं आठवडा-दोन आठवड्यांत कमी व्हायला हवं. झालं नाही तर डॉक्टरांना दाखवा. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, विशेषतः रात्री, तर मनगटात नस दबण्याची शंका असते. करंगळी आणि अनामिकेला येत असतील तर बहुधा कोपराशी; कोपर खूप वेळ घट्ट वाकलेलं ठेवल्याने हे होतं. मानेतून दंडात उतरणारी कळ, हातातून वस्तू निसटणं किंवा पकड कमी होणं यांत दिरंगाई करू नका. चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. जाताना कोणती बोटं, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि कोणत्या स्थितीत त्रास होतो हे लिहून न्या. निदानाला त्याची फार मदत होते.